सोमवारी ओळख दाखवाल का? ‘द ब्रेकफास्ट क्लब’ आज बघताना

दिग्दर्शक जॉन ह्यूजचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ १५ फेब्रुवारी १९८५ रोजी अमेरिकेत लागला. चाळीस वर्षं उलटली तरी त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं कायम आहेत. काहींना वाटतं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं ऐकून घेणारा इतका प्रामाणिक चित्रपट क्वचितच निघाला. काहींचं म्हणणं, दिवसभर एका मुलीला छळणाऱ्या पोराच्या पदरात शेवटी तीच मुलगी टाकणारा चित्रपट आजच्या पोरांपुढे ठेवूच नये. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्या एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतात. पाच मुलं एका खोलीत बसून बोलतात तेवढा भाग आजही पक्का उभा आहे. दिग्दर्शकाचा त्या बोलण्यावरचा भरवसा जिथे सुटला, तिथेच चित्रपट कोसळतो. तो कुठे आणि का कोसळतो, हे नेमकं दाखवता येतं.

नाशिकमध्ये एकांकिका करणाऱ्यांना या चित्रपटाचा मोह पडावा अशीच त्याची बांधणी आहे. एक नेपथ्य, पाच मुलं, एक सर, एक शिपाईमामा आणि एक दिवस. गाण्यावरचा नाच आणि कॉरिडॉरमधली पळापळ सोडली, तर हे जवळजवळ नाटकच आहे. म्हणून नाटकवाल्यांच्या नजरेनेच ते तपासायला हवं.

आधी प्रसंग. शनिवार, २४ मार्च १९८४. इलिनॉय राज्यातलं शर्मर नावाचं काल्पनिक गाव, तिथली शाळा. आपल्याकडे शनिवार म्हटलं की सकाळची शाळा आठवते. तिथे शनिवारी सुट्टी असते, आणि ती सुट्टी शाळेतच बसून घालवायची ही शिक्षा. सात वाजून सहा मिनिटांनी व्हर्नन सर सांगतात की तुमच्याकडे आठ तास चोपन्न मिनिटं आहेत, बोलायचं नाही, जागा सोडायची नाही, आणि ‘आपण स्वतःला कोण समजतो’ यावर किमान हजार शब्दांचा निबंध लिहायचा. या एका सूचनेत संहितेचं सगळं इंजिन आहे. वेळेची मर्यादा, हालचालीची मनाई, आणि ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न. नियम इतके स्पष्ट असले की पुढची प्रत्येक हालचाल नियमभंग ठरते, आणि नियमभंग म्हणजे आयतं नाट्य.

ज्या शाळेत चित्रण झालं ती शिकागोजवळच्या डेस प्लेन्समधली मेन नॉर्थ हायस्कूल. १९८१ मध्येच ती बंद झाली होती. तिचं मूळ ग्रंथालय चित्रणाला लहान पडत होतं, म्हणून व्यायामशाळेत दुमजली ग्रंथालयाचा सेट उभारला. पडद्यावर तो मजला, जिना आणि कठडा नीट बघा. सकाळी पाचही जण खाली टेबलांशी अडकलेले आहेत. जसजशी भीड चेपते तसतसे ते जिन्यावर, कठड्यावर, वरच्या मजल्यावर पसरतात, आणि सर्वांत खरं बोलायची वेळ येते तेव्हा जमिनीवर गोल करून बसतात. आपल्याकडे एकांकिकेत लेव्हल्स, म्हणजे कमी-जास्त उंचीचे चौथरे, लावतात, पण बऱ्याचदा त्या नुसत्या रचनेसाठी असतात. इथे पात्र कोणत्या लेव्हलवर आहे यावरून ते आता किती उघडं झालंय ते कळतं.

बसण्याच्या जागाही बघण्यासारख्या. श्रीमंत घरची क्लेअर आणि कुस्तीगीर अँड्र्यू पुढच्या टेबलावर शेजारी. अभ्यासू ब्रायन बसतो, तेवढ्यात वांड बेंडर येतो आणि एकही शब्द न बोलता त्याला जागा सोडायला लावतो. अॅलिसन सगळ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात. एकाही पात्राची ओळख कुणी करून दिलेली नाही, तरी या पाचांमध्ये कुणाचं कुणापुढे काय चालतं ते दोन मिनिटांत समजतं. अॅलिसनला पुढे बराच वेळ संवादच नाही. नवीन लेखक अशा पात्राला घाबरून लवकर बोलतं करतो आणि तिथेच त्याची धार घालवतो.

मग डबे. चित्रपटातला सर्वांत बिनचूक लिहिलेला प्रसंग हाच. क्लेअरच्या डब्यात सुशी, आणि ती लाकडी पाटावर मांडून खाल्ली जाते. १९८४ च्या अमेरिकी शाळेत तो नुसता रुबाब. अँड्र्यूच्या पिशवीतून सँडविचेस, वेफर्स, बिस्किटं, फळं, दूध असं निघतच राहतं. मुलाला कुस्तीसाठी पोसणारे वडील न दिसता दिसतात. ब्रायनच्या डब्यात सूप, सफरचंदाचा रस आणि कडा कापलेलं सँडविच, म्हणजे आई अजून त्याला लहान समजते. अॅलिसन सँडविचमधलं मांस भिरकावते, ते पुतळ्यावर जाऊन चिकटतं. मग ब्रेडमध्ये साखरेची पूड आणि कुरकुरीत सीरियल भरून ती मोठ्याने चावते, कारण तिच्या डब्याकडे घरात कुणी बघतच नसावं. बेंडरकडे काहीच नाही, म्हणून तो इतरांच्या डब्यांची टर उडवतो. पाच घरं, पाच डबे, आणि एकही स्पष्टीकरण नाही. हा प्रसंग कुठेही उचलून नेता येतो. नाशिकरोडच्या प्रेस कॉलनीतला डबा, सिडकोतला, गंगापूर रोडवरच्या बंगल्यातला आणि आणलेलाच नाही असा डबा एका बाकावर ठेवा. पुढचं पोरं स्वतः लिहितील.

दाराच्या स्क्रूचा प्रसंग विनोदी वाटतो, पण रचना म्हणून तो फार पुढचा आहे. सरांना त्यांच्या खोलीतून मुलांवर लक्ष ठेवायचंय, म्हणून ग्रंथालयाचं दार उघडं हवं. बेंडर दाराचा एक स्क्रू काढतो आणि दार आपोआप बंद होऊ लागतं. सर खुर्ची लावतात, टिकत नाही. मग अँड्र्यूला हाताशी घेऊन मासिकांचा स्टँड अडकवतात, तेव्हा आगीच्या वेळची वाट अडते हे लक्षात येतं. तो हलवतात, दार पुन्हा बंद. सत्ता किती किरकोळ सामानावर टेकलेली असते ते एका स्क्रूत आलं. शिवाय व्यवहाराची गोष्टही साधली. पुढचं सगळं बोलणं बंद दाराआड व्हायचं होतं, त्याचं कारण लेखकाने आधीच कमावून ठेवलं.

व्हर्नन आणि बेंडर यांच्यात शिक्षेचे शनिवार वाढत जातात तो प्रसंग अभिनेत्यांनी तालमीत करून बघावा. बेंडर उलट बोलतो, सर आणखी एक शनिवार देतात, तो पुन्हा बोलतो. मधेच क्लेअर त्याला थांबवायला ओरडते. शेवटी ब्रायन प्रामाणिकपणे हिशेब देतो की सुरुवातीला सरांच्या कपड्यांवरून केलेली थट्टा धरून सात झाले, आणि सर आठ करतात. यातली हमखास चूक म्हणजे दोघांनीही वरच्या पट्टीत जाणं. व्हर्नन झालेला पॉल ग्लीसन आणि बेंडर झालेला जड नेल्सन यांच्यात आवाजापेक्षा पॉज जास्त काम करतो. मोठा माणूस पोराशी बरोबरी करायला खाली उतरला की आकडा कितीही वाढवला तरी तो हरलेलाच असतो, हे त्या पॉजमध्ये दिसतं.

आज नाशिकमध्ये सर्वांत जास्त बोचेल तो ब्रायनचा कबुलीजबाब. तो हुशार मुलगा शॉपच्या विषयात, म्हणजे हाताने वस्तू बनवायच्या तासात, नापास झाला. हत्तीच्या आकाराचा दिवा करायचा होता. सोंड ओढली की दिवा लागायला हवा, पण लागला नाही. त्याने तो विषय घेतला होता कारण तो सोपा, बिनडोक पोरांचा, असं त्याला वाटलं. बेंडर तोच विषय शिकतो. तो भडकतो. ब्रायन त्रिकोणमितीचा मोठेपणा सांगतो की तिच्याशिवाय इंजिनिअरिंग नाही, आणि बेंडर विचारतो, दिवे नसतील तर उजेड कुठून येईल?

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांवर अर्धं शहर उभं असलेल्या गावात हा वाद परका नाही. सीईटीच्या क्लासला जाणारा आणि आयटीआयला जाणारा, एकाच सोसायटीतले दोघे, आठवी-नववीनंतर एकमेकांशी काय बोलतात? बहुतेक वेळा काहीच नाही. ह्यूजने हा जातीसारखा घट्ट भेद एका न लागलेल्या दिव्यात पकडला आणि वर त्या दिव्याने हुशार मुलाला खाली पाडलं. चाळीस वर्षांत याला गंज चढलेला नाही.

त्याच कबुलीत पुढे येतं की त्या नापास शेऱ्यानंतर ब्रायनच्या लॉकरमध्ये बंदूक सापडली. ती सिग्नलची फ्लेअर गन निघते, लॉकरमध्येच फुटलेली, आणि सगळे हसतात. तोही हसतो. १९८५ मध्ये हे हसू सुटकेचं होतं. आज ते घशात अडकतं, आणि अडकलं पाहिजे. आत्महत्येच्या विचाराला संहिता दोन मिनिटं देते आणि विनोदाने झाकते. मुलांना चित्रपट दाखवणार असाल तर इथे काय होणार ते आधी माहीत असू द्या. निकालाच्या आठवड्यात हा खेळ ठेवू नका. चर्चेला समुपदेशनाची जाण असलेली एक मोठी व्यक्ती हवी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर सुरुवातीपासून लिहिलेला असावा. त्या प्रसंगानंतर घाईघाईने लिहिला, तर कुणाकडे तरी बोट दाखवल्यासारखं होतं.

आता कोसळण्याबद्दल. पहिली आणि मोठी पडझड बेंडर-क्लेअर. तो तिला सकाळपासून तिच्या कौमार्यावरून टोचतो, सगळ्यांसमोर तिचं शरीर हा विषय करतो. टेबलाखाली लपल्यावर तिच्या स्कर्टच्या आत बघतो. क्लेअर झालेली मॉली रिंगवाल्ड तेव्हा सोळा वर्षांची होती, म्हणून ते दृश्य एका सज्ञान बदली मुलीवर चित्रित झालं. तरी त्याची आपल्याला लाज वाटली, असं रिंगवाल्डने २०१८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मधल्या लेखात लिहिलं. आपल्याच गाजलेल्या चित्रपटाकडे इतक्या सरळ नजरेने बघणारा तो लेख या चित्रपटासोबत वाचायलाच हवा.

‘तो काळच तसा होता’ एवढ्याने हा दोष सुटत नाही, कारण तो संहितेच्या क्रमात आहे. डब्यांच्या प्रसंगानंतर लगेच बेंडर वडिलांनी दिलेला सिगारचा चटका दाखवतो. गॅरेजमध्ये रंग सांडला म्हणून मिळालेला. आपली सहानुभूती तिथे जमा होते. टेबलाखालचं दृश्य त्यानंतर येतं, म्हणजे जमा सहानुभूतीवर पात्राने उचल घेतली. आणि शेवटी क्लेअर त्याला चुंबन आणि कानातली हिऱ्याची कुडी देते, तेव्हा ती उचल माफच होते. घरी मार खाणाऱ्या मुलाचं वागणं समजून घेणं एक, आणि त्याचं बिल वर्गातल्या मुलीच्या नावावर फाडणं वेगळं. ह्यूजला हा फरक लिहिता आला नाही.

दुसरी पडझड अॅलिसनची. क्लेअर तिच्या डोळ्यांभोवतीचं काळं काढते, केस मागे घेते, फिकट कपडे घालते, आणि अँड्र्यूला ती एकदम सुंदर दिसते. आपल्याकडे चष्मा काढला की नायिका होते, तसलीच ही युक्ती. वाईट याचं वाटतं की तिची गरजच नव्हती. त्याआधी अँड्र्यू आणि अॅलिसन यांच्यात एक शांत संवाद होऊन गेलाय. तो घरचं विचारतो, आईवडील तुझ्याशी काय करतात म्हणतो, आणि ती सांगते की ते माझ्याकडे लक्षच देत नाहीत. दोघं तिथेच जवळ आली होती. ते बोलणं प्रेक्षकाला पुरेल असा विश्वास असता तर पावडर-कुंचल्याला हात लागला नसता. एकांकिका करणाऱ्यांनी हा प्रसंग गाळून तालीम करून बघावी. शेवट जास्त घट्ट बसतो.

आणि जोड्या लागल्यावर उरतो ब्रायन. दोन मुली, तीन मुलगे, अशा गणितात अभ्यासू मुलाच्या वाट्याला सगळ्यांचा निबंध लिहायचं काम येतं. दिवसभर भेदांवर बोलून झाल्यावर हुशार मुलाने सर्वांचा गृहपाठ करायचा, हा भेद मात्र चित्रपटाला दिसला नाही. पाचही मुलं गोरी आहेत, समलिंगी माणसांसाठीची शिवी सहज तोंडी येते, हेही आहेच. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. दिसतं ते दिसतं.

याच सुमाराचा आपल्याकडचा चित्रपट शेजारी ठेवला की फरक कळतो. महेश एलकुंचवारांच्या ‘होळी’ या एकांकिकेवर केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. तरुण आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर त्यात विद्यार्थी आहेत, ओम पुरी प्राचार्य. तिथेही एकच दिवस, महाविद्यालय आणि वसतिगृहातली पोरं, सणाची सुट्टी नाकारलेली. पण दार उघडं आहे. राग खोलीत फिरून मावळत नाही, तो बाहेर पडतो आणि प्राचार्यांना नावं सांगणाऱ्या एका मुलावर तुटतो. त्याची विटंबना होते, तो जीव देतो. जहाँगीर चौधरींचा कॅमेरा लांबलचक शॉट्समध्ये या पोरांमधून फिरत राहतो, त्यामुळे प्रेक्षकाला बाजूला व्हायला जागा मिळत नाही. छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ‘होळी’ क्रौर्य दाखवतो आणि त्याची किंमत वसूल करतो. ‘ब्रेकफास्ट क्लब’ क्रौर्य दाखवतो आणि घरी जायच्या आधी हिशेब मिटवून टाकतो. दोन शनिवारी दोन्ही दाखवा, आधी ह्यूज, मग मेहता. उलट क्रमाने दाखवलं तर ह्यूजची मुलं अन्यायाने पोरकट वाटतात.

दाखवायची तयारी फार नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. चित्रपट ९७ मिनिटांचा आहे, मध्यंतर घेऊ नये. घ्यावंच लागलं तर सर बेंडरला कोठडीत बंद करून धमकावतात त्यानंतर, साधारण मध्यावर. जमिनीवरच्या गोलात ब्रेक घेतला तर पुन्हा धागा लागत नाही. सर्वांत मोठी अडचण आवाजाची. हा बोलण्याचा चित्रपट आहे आणि सोसायटीच्या हॉलमधली फरशी, उघड्या भिंती आणि पंखे मिळून संवाद खाऊन टाकतात. खाली सतरंज्या, दोन भिंतींना जाड पडदे किंवा चादरी लावल्या तरी घुमणं बरंच कमी होतं. डिस्कवर मूळ मोनो ध्वनिपट्टी असेल तर तीच निवडा. सहा स्पीकरसाठी बनवलेली ‘५.१’ पट्टी दोन स्पीकरवर वाजवली की संवाद आत बसतात आणि गाणी अंगावर येतात. मग कुणीतरी रिमोट घेऊन आवाज वरखाली करत बसतो आणि शेवटच्या गाण्याला कान फुटतात. आवाज संवादावर लावा, सुरुवातीच्या गाण्यावर लावू नका. चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.८५:१ आहे, त्यामुळे आजच्या पडद्यावर वरखाली फक्त बारीक पट्टी राहते. ती घालवायला झूम करू नका, डोकी कापली जातात. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही बेंडरचं बोलणं भरभर सुटतं.

अमेरिकेत हा चित्रपट ‘आर’ प्रमाणपत्राचा आहे, म्हणजे सतराच्या आतल्यांनी पालकांसोबतच बघायचा. शिव्या आहेत, गांजा ओढतात. अकरावीच्या खालच्यांना दाखवू नये, आणि अकरावी-बारावीच्या पालकांना आधी स्पष्ट सांगावं. संख्या वीस-पंचवीसच्या वर गेली की चर्चा भाषणात बदलते.

चर्चेची सुरुवात ‘आवडलं का’ने करू नका. मोठ्या आवाजाची दोन मुलं उत्तर देतात आणि बाकीची माना डोलावतात. शिपाईमामा कार्लपासून सुरू करा. सुरुवातीच्या दृश्यांत शाळेच्या भिंतीवर जुन्या गुणवंत विद्यार्थ्याचा फोटो आहे, तो कार्लचाच. किती जणांनी पाहिला, विचारा. फार थोडे हात वर येतील, आणि का नाही दिसला यावरच अर्धा तास निघतो. शाळेतल्या मावशींचं, मामांचं आडनाव किती जणांना माहीत आहे, इथपर्यंत गाडी आपोआप येते. मग तळघरातलं कार्ल आणि व्हर्नन यांचं बोलणं. आपण म्हातारे होऊ तेव्हा हीच पोरं देश चालवतील या विचाराने सरांची झोप उडते. क्लेअरवर बोलायची वेळ आली की मुलींना आधी बोलू द्या, आणि मुलांनी मध्ये ‘पण तो वाईट नव्हता’ म्हटलं तर चटक्याचं दृश्य आणि टेबलाखालचं दृश्य कोणत्या क्रमाने आली एवढंच विचारा.

एक काम मात्र चित्रपट थांबवून करण्यासारखं आहे. जमिनीवरच्या गोलात ब्रायन विचारतो की सोमवारी शाळेत भेटलो तर आपण मित्र असू का. क्लेअर उत्तर देणार, त्याआधी थांबवा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, नाव न घालता लिहायला सांगा: या खोलीत आज शेजारी बसलेल्याला सोमवारी कॉलेज रोडवर, आपल्या नेहमीच्या ग्रुपसोबत असताना, ओळख दाखवाल का? हो किंवा नाही, एवढंच. चिठ्ठ्या डब्यात टाका आणि चित्रपट पुढे लावा. क्लेअर खरं सांगते, नाही म्हणते. सगळे तिच्यावर तुटून पडतात, आणि तीच एकटी खोटं बोललेली नसते. चित्रपटातला सर्वांत धीट क्षण तो आहे, आणि तो त्याच मुलीच्या तोंडी आहे जिला पुढे चित्रपटाने नीट वागवलं नाही.

चिठ्ठ्या शेवटचं गाणं संपल्यावर, दिवे लावून, मोजा.